ताहा हुसेन आणि त्यांचे सोबती

संध्याकाळी तुमच्या घरी दस्तरखान पसरला जातो आणि घरातील लहानमोठी माणसे त्याभोवती बसतात. कोणी रोटीचा तुकडा मोडतो, कोणी भाताचा घास घेतो, कोणी रस्सा वाढून घेतो. बोलणे चालू असते, हसणे चालू असते आणि हात आपले काम करीत असतात. घास एका हाताने घ्यावा की दोन्ही हातांनी, असा प्रश्न तुमच्यापैकी कोणाला कधी पडला आहे का? मला वाटते, पडला नसेल. एका लहान मुलाला मात्र एके दिवशी हा प्रश्न पडला, आणि त्या दिवसापासून जवळजवळ वीस वर्षे तो लोकांबरोबर बसून मोकळेपणाने जेवू शकला नाही.

हा मुलगा पुढे मोठा विद्वान झाला, प्राध्यापक झाला, आपल्या देशाचा शिक्षणमंत्री झाला. त्याचे नाव ताहा हुसेन. आपण उर्दूत ज्याला मिस्र म्हणतो आणि मराठीत इजिप्त म्हणतो, तो त्याचा देश. तुमच्यापैकी जे अरबी शिकतात, त्यांनी हे नाव ऐकले असेल. ताहा हुसेन यांच्या विद्वत्तेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या पाठात मी तुम्हांला त्यांच्याबरोबरच त्यांच्या सोबतीच्या माणसांविषयीही सांगणार आहे. घरात एकाचे डोळे जातात, पण कसे वागायचे हे साऱ्या घराला नव्याने शिकावे लागते. काही माणसांना ते लवकर जमते, काहींना फार उशिरा.

ताहाचा जन्म १४ नोव्हेंबर १८८९ रोजी झाला. नाईल नदीच्या काठी मिन्या प्रांतात मघाघा नावाचे गाव आहे. त्या गावाजवळच्या एका वाडीत त्याचे घर होते. वडील साखर कंपनीत साधी नोकरी करीत. घर मुलांनी भरलेले होते. वडिलांच्या तेरा मुलांपैकी ताहा सातवा.

ताहा तीन वर्षांचा असेल नसेल, तेव्हा त्याचे डोळे आले. डोळे येणे हे आपल्याकडेही होते. चार दिवस डोळे लाल होतात, पाणी येते, डॉक्टर औषध देतात आणि बरे वाटते. त्या काळी त्या वाडीत डॉक्टर कुठले? काही दिवस कोणी फारसे लक्षच दिले नाही. इतक्या मुलांत एकाचे डोळे लाल झाले, तर होतील बरे, असेच सर्वांना वाटले असणार. मग दुखणे वाढले, तेव्हा गावातल्या न्हाव्याला बोलावले. तोच तेथला वैद्य. त्याने आपल्या समजुतीप्रमाणे उपचार केला आणि त्या उपचारात मुलाचे दोन्ही डोळे गेले. पुढे मोठेपणी ताहा हुसेन यांनी या गोष्टीसाठी एकट्या न्हाव्याला दोष दिला नाही. खेड्यातील अज्ञान आणि मुलांच्या आजारपणाकडे होणारे दुर्लक्ष, हे खरे कारण त्यांनी ओळखले होते. अशाच दुर्लक्षामुळे त्यांची चार वर्षांची बहीणही तापाने दगावली होती, आणि तीही ऐन बकरी ईदच्या तोंडावर.

आई रोज रात्री ताहाचे डोके मांडीवर घेई आणि त्याच्या डोळ्यांत औषधाचे थेंब सोडी. ते थेंब झोंबत. त्यांचा उपयोग काही होत नसे. ताहा रडत नसे; तो मुकाट्याने पडून राही. आईचा जीव मुलावर होता यात शंका नाही. पण ते प्रेम कधी फार हळवे होई, तर कधी कामाच्या गर्दीत ते त्याला विसरूनही जाई. भाऊबहिणी त्याच्याशी जपून बोलत. त्याच्यासमोर काही गोष्टींचा उल्लेख टाळत. लहान मुलाला हे कळत नाही असे मोठ्यांना वाटते. पण ताहाला कळत होते. आपल्या भावंडांना जगातले असे काही दिसते की जे आपल्याला दिसत नाही, हे त्याला त्यांच्या बोलण्यावरूनच उमगले.

आता त्या जेवणाच्या प्रसंगाकडे येऊ. एके रात्री सगळे कुटुंब जेवायला बसले होते. ताहा मोठा चौकस होता. त्याच्या मनात आले, आपण नेहमी एका हाताने घास घेतो. दोन्ही हातांनी घेतला तर काय होईल? त्याने दोन्ही हातांनी भाकरीचा घास धरला, समाईक ताटात बुडवला आणि तोंडाकडे नेला. भाऊ खो खो हसू लागले. आईला रडू कोसळले. वडिलांनी शांतपणे, पण दुःखी आवाजात, घास असा घ्यायचा नसतो असे समजावले. एवढेच घडले. कोणी मारले नाही, कोणी रागावले नाही. पण ती रात्र त्या मुलाने कशी काढली ते त्यालाच ठाऊक.

या प्रसंगात दुष्ट कोण होते? कोणीच नव्हते. भाऊ मुले होते, त्यांना गंमत वाटली. आईला मुलाची कीव आली. वडिलांना वाईट वाटले. पण या तिन्ही गोष्टी एकाच वेळी त्या मुलाच्या अंगावर आल्या आणि त्याने मनाशी ठरवले, की यापुढे हसण्याजोगे किंवा रडण्याजोगे आपल्या हातून काही घडू द्यायचे नाही. त्याने सूप सोडले, भात सोडला. चमच्याने खावा लागणारा प्रत्येक पदार्थ त्याने स्वतःला वर्ज्य केला, कारण चमचा आपल्याला नीट धरता येणार नाही आणि सांडले तर लोक पाहतील अशी त्याला भीती होती. वयाची पंचविशी उलटेपर्यंत त्याने हा नियम पाळला. खेळही त्याने सोडले. भावंडे खेळत तेव्हा तो एका कोपऱ्यात बसे, लोखंडाचे तुकडे गोळा करून ते एकमेकांवर वाजवी आणि खेळात केवळ मनाने भाग घेई. त्याची खरी करमणूक गोष्टी ऐकण्याची होती. गावात एक शाहीर येई आणि जुन्या वीरांच्या कथा गाऊन सांगे. घराजवळच्या मक्याच्या धाटांच्या कुंपणाला टेकून ताहा त्या कथा ऐकत उभा राही, आणि बहीण येऊन त्याला उचलून घरात नेई तेव्हा त्याला अगदी नको वाटे.

सुमारे हजार वर्षांपूर्वी शाम देशात, म्हणजे आजच्या सीरियात, अबुल अला अल-मआर्री नावाचा एक मोठा अरबी कवी होऊन गेला. लहानपणी देवी येऊन त्याचीही दृष्टी गेली होती. हा कवी कोणासमोरही जेवत नसे. तो नोकराला जेवण ठेवायला सांगे आणि नंतर बाहेर पाठवून देई. त्याच्याविषयी एक हकिकत सांगतात. एकदा त्याने काकवीसारखा गोड पाक खाल्ला आणि त्याचे डाग त्याच्या छातीवर पडले. ते त्याला कळलेच नाही. शिष्यांनी विचारले तेव्हा त्याला फार लाज वाटली आणि त्याने तो पदार्थ कायमचा सोडला. कितीतरी विद्वानांना ही हकिकत ठाऊक होती. पण तिचा खरा अर्थ आपल्याला कळला, असे ताहा हुसेन यांना वाटे. कारण तेच दुःख त्यांनी लहानपणी भोगले होते.

मुलांनो, येथे मला माझ्या घरची एक गोष्ट सांगावीशी वाटते. माझ्या नानांना काचबिंदू झाला होता. या आजारात नजर कडेकडेने कमी होत जाते आणि गेलेली नजर परत येत नाही. नानांना दिसेनासे झाले तेव्हा मी शाळेत शिकत होते. आम्ही सर्वजण त्यांना फार जपत होतो. घरी पाहुणे आले की आम्ही नानीला विचारायचो, नानांना चहा द्यायचा का? नाना तेथेच बसलेले असत. त्यांचे कान शाबूत होते, जीभ शाबूत होती, तरी त्यांना विचारायचे कोणालाही सुचत नसे. त्यांचे ताट आम्ही समोर ठेवायचो, पण ताटात काय कोठे आहे ते सांगायचो नाही. मग त्यांची बोटे भाजीत बुडत आणि आम्ही नजर दुसरीकडे वळवायचो, जणू त्यांना ते कळतच नव्हते! पुढे मी शिक्षिका झाले, तेव्हा एका साध्या युक्तीची माहिती मिळाली. ताट म्हणजे घड्याळाची तबकडी समजायची. सहाच्या जागी भात आहे, तीनच्या जागी भाजी आहे, बाराच्या जागी पाण्याचा पेला आहे, असे एकदा सांगितले की माणूस आपल्या हाताने निवांत जेवू शकतो. केवढी सोपी गोष्ट! पण ती मला कळली तेव्हा नाना राहिले नव्हते.

असो. आपण ताहाकडे परत जाऊ.

डोळे नसले तरी त्याची स्मरणशक्ती अशी होती की गावच्या मकतबात शिकून वयाच्या नवव्या वर्षी तो हाफिज झाला. मुलाने काहिरा शहरात जाऊन जामिया अल-अझहर येथे शिकावे आणि मोठा आलिम व्हावे, हे वडिलांचे स्वप्न होते. १९०२ साली ताहा थोरल्या भावाबरोबर काहिराला गेला. हा भाऊ अझहरमध्येच शिकत होता. धाकट्या भावाला सांभाळायची जबाबदारी त्याच्यावर आली. त्याने ती पाडली नाही, पण ती त्याला जड झाली हेही खरे. दिवसभर तो ताहाला हाताला धरून दर्साला नेई आणि परत आणी. संध्याकाळ झाली की खोलीच्या कोपऱ्यात त्याला बसवी, त्याच्यासमोर जेवण ठेवी आणि मित्रांकडे निघून जाई. ताहा एकटा उरे. शेजारच्या खोलीतून मित्रांच्या हसण्याचे आवाज येत, चहाच्या पेल्यांचे आवाज येत. भिंतीतल्या किड्यांच्या आवाजाने तो घाबरून जाई. भूक नसली तरी तो समोरचे सगळे अन्न संपवी. अन्न उरले तर भावाला वाटेल की हा आजारी आहे किंवा उदास आहे, म्हणून!

पाहिलेत, ज्याला सोबत हवी होती तोच आपल्या सोबत्याची काळजी करीत होता. आईवडिलांच्या बाबतीतही त्याने असेच केले. अझहरमधील पहिल्या काही वर्षांत कित्येक दिवस त्याच्या पोटात भाकरी आणि काकवी यांशिवाय काही जात नसे. सुट्टीत घरी गेला की तो मात्र आपल्या सुखाच्या गोष्टी रचून सांगे, म्हणजे म्हाताऱ्या आईवडिलांच्या जीवाला घोर लागायला नको.

अझहरमध्ये नाव दाखल करण्यासाठी परीक्षा द्यावी लागे. ताहाची पाळी आली तेव्हा परीक्षकाने त्याला त्याच्या नावाने न बोलावता, आंधळा म्हणून हाक मारली आणि परीक्षा झाल्यावर त्याच शब्दाने निरोप दिला. घरी हा शब्द कोणी त्याच्यासमोर उच्चारत नसे. परीक्षा पास झाल्याचा आनंद त्या एका शब्दाने नाहीसा केला. शिक्षकांनी आपले बोलणे किती जपून वापरले पाहिजे, हे वाचताना मला स्वतःला फार लागले.

पुढची काही वर्षे मी थोडक्यात सांगते. १९०८ साली काहिरा येथे नवे विद्यापीठ सुरू झाले. ताहा तेथे जाऊ लागला. आता आपण त्यांना अहोजाहो करू, कारण १९१४ साली याच विद्यापीठाची डॉक्टरेट पदवी त्यांनी मिळवली. हे विद्यापीठ सुरू झाल्यापासूनची ती पहिली डॉक्टरेट होती. प्रबंधाचा विषय कोणता निवडला असेल? अबुल अला अल-मआर्री! आपल्यासारख्याच दृष्टिहीन कवीचा त्यांनी अभ्यास केला.

विद्यापीठाने त्यांना पुढील शिक्षणासाठी फ्रान्सला पाठवायचे ठरवले. १९१४ च्या अखेरीस ते जहाजाने निघाले. युरोपात पहिले महायुद्ध पेटले होते, म्हणून पॅरिसऐवजी दक्षिणेकडील माँपेलिए या शहरात त्यांची सोय झाली. जहाजावर भोजनाचे मोठे दालन होते. तेथे मेजावर काटे, चमचे, सुऱ्या मांडलेल्या असत. ताहा तेथे गेलेच नाहीत. त्यांचे जेवण त्यांच्या केबिनमध्ये येई. फ्रान्समध्येही त्यांनी हाच नियम ठेवला. ज्या घरी राहत त्या घरच्या लोकांना ते जेवण खोलीत पाठवायला सांगत. डॉक्टरेट मिळाली होती, समुद्र ओलांडला होता, पण लहानपणीची ती रात्र अजून त्यांच्याबरोबर प्रवास करीत होती.

माँपेलिएमध्ये त्यांनी ब्रेल लिपी शिकून पाहिली. ब्रेल म्हणजे उठावाच्या सहा टिंबांची लिपी. ती बोटांनी वाचतात. पण ताहांचे सारे शिक्षण कानांनी झाले होते. बोटांनी वाचायची त्यांना सवय होईना, आणि त्यांना हवी असलेली पुस्तकेही ब्रेलमध्ये मिळेनात. वाचून दाखवणारे कोणीतरी हवे होते. १९१५ च्या मे महिन्यात सुझान ब्रेसो नावाची एक फ्रेंच तरुणी त्यांना फ्रेंच पुस्तके वाचून दाखवू लागली. तिचा आवाज ताहांना फार गोड वाटला. त्याच वर्षी विद्यापीठाची पैशांची अडचण झाली आणि त्यांना परत काहिराला बोलावून घेतले गेले. त्या महिन्यांत त्यांना अभ्यास बुडाल्याचे दुःख तर होतेच, पण तो आवाज दुरावल्याचेही होते. सुदैवाने वर्ष संपण्यापूर्वी त्यांना पुन्हा फ्रान्सला जायला मिळाले, आणि या वेळी पॅरिसला.

पॅरिसमध्ये सुझानच्या कुटुंबाच्या घरीच ते राहू लागले. सुझान त्यांना पुस्तके वाचून दाखवी. इतिहास, तत्त्वज्ञान, नाटके, सारे काही. पदवीसाठी त्यांना लॅटिन भाषा शिकावी लागली, त्यातही तिची मदत झाली. काही काळाने ताहांनी तिला लग्नाविषयी विचारले. तिने आधी नकार दिला. मग ती कित्येक महिने विचार करीत राहिली. तिच्या घरच्यांना तर धक्काच बसला. ती फ्रेंच, ते मिसरी; ती ख्रिस्ती, ते मुसलमान; आणि त्यातून त्यांना दिसत नव्हते. सुझानचे एक काका पाद्री होते. ते ताहांना घेऊन फिरायला गेले. दोघे खूप वेळ बोलत राहिले. परत आल्यावर काकांनी पुतणीला सांगितले, की या माणसाशी लग्न करायला भिऊ नकोस. ९ ऑगस्ट १९१७ रोजी त्यांचे लग्न झाले.

विद्यार्थी मित्रहो, सुझानने काय वेगळे केले? पुस्तके वाचून दाखवण्याचे काम पगारी माणूसही करतो. ताहा हुसेन यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे, की एकट्याने जेवण्याची आणि अशा अनेक सवयी सुझानशी लग्न ठरल्यावर सुटल्या. ज्या मेजाला ते जहाजावर घाबरले, त्या मेजाशी ते तिच्याबरोबर बसू लागले. तिने आणखी एक काम केले. ती त्यांना जग वर्णन करून सांगू लागली. ऊन कसे पडले आहे, नदीचे पाणी कसे दिसते, झाडांची पाने कोणत्या रंगाची झाली आहेत, समोरचा माणूस बोलताना कसा हसतो. तोपर्यंत लोक त्यांच्यासमोर दिसण्याच्या गोष्टी टाळत आले होते, उगाच मन दुखायला नको म्हणून. सुझानने त्या टाळल्या नाहीत. माणसे आणि निसर्ग यांच्यापासून आपण आजवर तुटून राहिलो होतो, ते आता त्यांच्यात परत आलो, असे ताहांना वाटू लागले.

तुमच्या ओळखीच्या एखाद्या अंध व्यक्तीबरोबर तुम्ही रस्त्याने चालाल तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपण घाईघाईने त्यांचा दंड धरून त्यांना पुढे ढकलतो. त्यांना ते फार भयंकर वाटते, कारण पुढे काय आहे ते त्यांना ठाऊक नसते. त्याऐवजी आपले कोपर त्यांना धरू द्यावे आणि आपण अर्धे पाऊल पुढे चालावे. पायरी आली की ती चढायची आहे की उतरायची, तेवढे सांगावे. आणि मुख्य म्हणजे, मदत हवी का, हे आधी विचारावे.

१९१८ साली ताहांनी सॉरबॉन विद्यापीठात इब्न खल्दून या थोर इतिहासकारावर प्रबंध सादर केला आणि दुसरी डॉक्टरेट मिळवली. १९१९ साली ते पत्नी आणि लहानग्या मुलीसह मायदेशी परतले. मुलीचे नाव अमीना. नंतर त्यांना एक मुलगाही झाला. काहिरा विद्यापीठात ते प्राचीन ग्रीस आणि रोमचा इतिहास शिकवू लागले, पुढे अरबी साहित्य शिकवू लागले. १९२६ साली इस्लामपूर्व काळातील अरबी काव्याविषयी त्यांनी एक पुस्तक लिहिले, त्यावरून मोठे वादळ उठले. त्या वादात मी येथे शिरत नाही. तो मोठ्या वर्गांचा विषय आहे. त्याच सुमारास त्यांनी आपल्या बालपणाची कहाणी लेखनिकाला सांगून लिहवून घेतली. तिचे नाव 'अल-अय्याम', म्हणजे दिवस. जेवणाची गोष्ट, भावाची गोष्ट, हे सारे त्या पुस्तकात आहे. त्यात ते स्वतःला मी असे म्हणतच नाहीत. तो मुलगा, तो मुलगा असे म्हणत सारे सांगतात. आधुनिक अरबी साहित्यातील ते सर्वांत आवडते आत्मचरित्र समजले जाते.

१९३० साली ते कला शाखेचे प्रमुख झाले. सरकारच्या मर्जीतील माणसांना मानाच्या पदव्या द्यायला त्यांनी नकार दिला, म्हणून १९३२ साली त्यांना नोकरीवरून दूर केले गेले. विद्यार्थ्यांनी निषेध केला. दोन वर्षांनी ते परत आले. मुलींनी विद्यापीठात शिकावे यासाठीही ते झटले. सुहैर अल-कलमावी या पुढे प्रसिद्ध झालेल्या लेखिका त्यांच्याच विद्यार्थिनी. १९४२ साली अलेक्झांड्रियाचे नवे विद्यापीठ सुरू झाले, त्याचे पहिले प्रमुख ताहा हुसेनच होते.

१९५० साली ते इजिप्तचे शिक्षणमंत्री झाले. शिक्षण हे हवेसारखे आणि पाण्यासारखे सर्वांना मिळाले पाहिजे, असे ते सांगत आले होते. मंत्री झाल्यावर त्यांनी माध्यमिक शिक्षणाची फी माफ केली. तुमच्याएवढ्या मुलामुलींसाठी शाळेचे दार उघडले ते असे. १९५२ च्या सुरुवातीला ते सरकार गेले, पण ती फी पुन्हा लागू झाली नाही. ज्या खेड्यात डॉक्टरऐवजी न्हावी येत असे, त्या खेड्यातील मुलांना डॉक्टर होण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

या सर्व वर्षांत सुझान त्यांच्याबरोबर होती. २८ ऑक्टोबर १९७३ रोजी काहिरा येथे ताहा हुसेन यांचे निधन झाले. छप्पन्न वर्षांचा संसार संपला. नंतर सुझानने आपल्या आठवणी लिहिल्या. त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ होतो, तुझ्यासोबत. सारे पुस्तक जणू समोर बसलेल्या पतीशी बोलत लिहिले आहे. आयुष्यभर ती वाचून दाखवत आली होती, ते ऐकत आले होते. त्या सवयीनेच तिने लिहिले असावे.

एक प्रसंग सांगायचा राहिला. तो ताहा हुसेन यांनी 'अल-अय्याम'च्या पहिल्या भागाच्या शेवटी सांगितला आहे. अमीना तेव्हा लहान होती. वडिलांच्या मांडीवर बसून तिला गोष्ट ऐकायची होती. ताहांनी तिला ईडिपस या ग्रीक राजाची गोष्ट सांगायला घेतली. हा राजा आपल्या हातांनी आपले डोळे फोडून घेतो, महालातून बाहेर पडतो आणि त्याला वाट दिसत नाही. तेव्हा त्याची मुलगी अँटिगनी पुढे येते, बापाचा हात धरते आणि त्याला घेऊन चालू लागते. अमीना सुरुवातीला हसत ऐकत होती. हळूहळू तिचा चेहरा बदलला. राजाची मुलगी बापाचा हात धरते तेथपर्यंत गोष्ट आली आणि अमीना हुंदके देऊन रडू लागली. ती वडिलांच्या गळ्यात पडली आणि त्यांचे मुके घेऊ लागली. सुझान धावत आली. तिने मुलीला उचलून घेतले आणि ती शांत होईपर्यंत थोपटत राहिली. मुलगी का रडली, हे आईला कळले होते आणि वडिलांनाही कळले होते.